करार संपल्यानंतर

आमच्या संग्रहातील ४४ इंची प्रिंटरच्या वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण यापुढे होणार नाही, असे उत्पादक कंपनीचे पत्र आले. कारण एका ओळीचे: या मॉडेलचे उत्पादन केव्हाच थांबले, सुटे भाग उरले नाहीत. त्याच सकाळी तो प्रिंटर अठराव्या शतकातील एका मोडी पत्राची सहा फुटी प्रत बिनतक्रार छापत होता.

यंत्र विकत घेतले, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात त्याचे आयुष्य दरसाल भाड्यानेच घेत होतो. शाई वाळून प्रिंटहेडची छिद्रे बुजू नयेत म्हणून नियमित चाचणी छापणे आमच्या हाती होते. पण प्रिंटहेड इकडून तिकडे नेणारा पॉलियुरेथेनचा पट्टा दमट हवेत झिजून एक दिवस भुगा होतो; तेथे निगा पुरत नाही, नवा पट्टाच लागतो. नवा प्रिंटर घ्यावा, तर पोथ्यांच्या संवर्धनासाठी राखलेले पैसे त्यात जातील.

मोडीही विसाव्या शतकात व्यवहारातून गेली. तरी ते पत्र आज वाचता येते, कारण अक्षरे ओळखण्याची विद्या कोणा एकाच्या कुलुपात नव्हती. जाणत्याने ती दुसऱ्याला शिकवली. कंपनीने खुशाल निरोप घ्यावा. जाताना दुरुस्तीची पुस्तिका आणि भागांचे आराखडे तेवढे मागे ठेवावेत, एवढेच आम्ही उत्तरात लिहिले आहे.

भंगाराच्या कागदावर सही अद्याप केलेली नाही.