पॅन अ‍ॅम ७३ : कराचीतला एक दिवस

डोंबिवली पूर्व,
५ सप्टेंबर

चि. सोनूस,


५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं ७३ क्रमांकाचं विमान पहाटे कराचीत उतरलं. हे बोइंग ७४७ पुढे फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जायचं होतं. सहाच्या सुमारास सुरक्षा रक्षकांच्या वेशातले चार हत्यारबंद इसम गाडीतून आले आणि जिना चढून आत घुसले. ते अबू निदाल संघटनेचे होते. विमानात तेव्हा पावणेचारशेहून जास्त माणसं होती.

केबिनमधून इशारा मिळताच दोन वैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून बाहेर पडले. हे पळून जाणं नव्हतं. उडवणारंच कोणी न राहिल्याने विमान जागीच अडकलं आणि ते सायप्रसला नेण्याचा अपहरणकर्त्यांचा बेत फसला. मात्र आतल्या माणसांचा सगळा भार वरिष्ठ पर्सर नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांवर आला.

राजेश कुमार या भारतीय वंशाच्या अमेरिकन प्रवाशाला गोळी घालण्यात आली. मग अमेरिकन कोण ते हुडकण्यासाठी पासपोर्ट गोळा करायचा हुकूम सुटला. हवाई सेविकांनी पासपोर्ट गोळा केले. अमेरिकन तेवढे हळूच आसनांखाली सरकवले.

रात्री दहाच्या सुमारास विमानाला वीज पुरवणारं यंत्र बंद पडत गेलं. दिवे मंदावले, विझले. हल्ला झाला असं समजून चौघांनी अंधारात गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. आणीबाणीची दारं उघडली गेली आणि शेकडो प्रवासी बाहेर पडले. वीसेक माणसं दगावली, शंभरावर जखमी झाली. प्रवाशांना बाहेर काढताना नीरजाला गोळी लागली. तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. भारताने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिलं.

चौघेही पकडले गेले. पाकिस्तानात १९८८ मध्ये त्यांना झालेली फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली. म्होरक्या सफारिनी याला २००४ मध्ये अमेरिकेत १६० वर्षांची शिक्षा झाली.

त्या दिवशी माणसं वाचली ती वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने, दडवलेल्या पासपोर्टांनी आणि उघडलेल्या दारांनी. तुला प्रशिक्षणासाठी ठाण्याहून अंधेरीला जाताना मेट्रोसाठी घाटकोपरला उतरावं लागतं. तिथे पूर्वेला नीरजा भनोत चौक आहे.

तुझी,
मावशी