नाकाने जेवणारा पाहुणा

रामकुंडावर दहाव्याचे पिंड मांडले की चांगली शहाणीसुरती माणसं कावळ्याची मनधरणी करू लागतात. ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’, ‘शेताचा तुकडा विकणार नाही’, अशी एकेक आश्वासनं दिली जातात. कावळा समोरच्या पत्र्यावर बसून मान वाकडी करतो, पण शिवत नाही. फारच उशीर झाला की गुरुजी दर्भाचा कावळा करून प्रश्न मिटवतात. नाशकात राहणाऱ्याला यात नवल नाही. त्यातली अगतिकता मला कळली ती आजारी पिल्लापुढे वाटी घेऊन बसल्यावर. तिथे दर्भाचं पिल्लू करून भागत नाही.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात जिन्याखाली ते सापडलं, ऐन डिसेंबरात. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात रोज छापून येत होतं. पिल्लाचे डोळे चिपडांनी मिटलेले, नाक शेंबडाने बंद. जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या, ही मांजरांची नेहमीची सर्दी. हर्पिस किंवा कॅलिसी नावाचा विषाणू असतो. औषध देता येईल, खरं काम त्याला खायला लावण्याचं. मोठं मांजर, त्यातून लठ्ठ, काही दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचून जिवावर बेतू शकतं. पिल्लाला तेवढीही सवड नसते, त्याच्या रक्तातली साखर फार लवकर उतरते.

आपल्या घरांत माया म्हणजे आग्रह. पानावरून उठणाऱ्याला खाली बसवून जिलबी वाढणारी आपली जात. सासूबाई आधी दूधसाखर घेऊन आल्या, मग पेढ्याचा तुकडा. पिल्लाने ढुंकून पाहिलं नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारं एक जनुक त्याच्यात निकामी असतं, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. आणि गायीचं दूध पिल्लांना बहुधा बाधतं, जुलाब होतात. हे सांगितल्यावर सासूबाईंना गोकुळातल्या मांजरांची काळजी वाटू लागली.

आपल्याला ताप आला की तोंडाची चव जाते. मांजराचं नाक गेलं की जेवणच संपलं. ज्याचा वास येत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नव्हे. त्यामुळे सगळी खटपट नाकाची. आधी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशी त्याला ऊब दिली, कारण गारठलेल्या पिल्लाला भरवलेलं पचत नाही. मग न्हाणीघराचं दार लावून गरम पाणी सोडायचं आणि त्या वाफेत त्याला मांडीवर घेऊन बसायचं. नाकावरची खपली सलाइनच्या ओल्या कापसाने भिजवावी लागते. ओढली तर रक्त येतं. खपली निघाली की आधी एक शिंक, मग दुसरी, आणि नाकपुडीत एवढासा बुडबुडा. त्या बुडबुड्याचं मला झालेलं कौतुक कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं घर शाकाहारी. शेजारच्या मावशींनी कोंबडी शिजवताना मीठ, कांदा, लसूण पडायच्या आधीच दोन तुकडे आणि थोडं पाणी काढून ठेवलं. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ही खबरदारी. ‘वाटी वेगळी ठेव, आणि गॅलरीत,’ एवढ्यावर सासूबाईंनी तह केला. अन्न अंगाइतकं कोमट हवं; गार झालं की वास बसतो. थंडीत शहाबादी फरशीवर वाटी बघता बघता गार पडायची, म्हणून ती गरम पाण्याच्या तसराळ्यात ठेवली.

डॉक्टरांनी बिनसुईची पिचकारीही दिली होती. ती तोंडाच्या कडेने, सुळ्यामागच्या फटीतून, थेंबाथेंबाने. घाई केली तर फुप्फुसात जातं. पण त्यांनी बजावलं होतं की याने फक्त वेळ निभते. जबरदस्ती वाढली तर मांजर त्या अन्नाचाच धसका घेतं आणि बरं झाल्यावरही ते टाळतं. आपल्या वेदान्त्यांनी भक्तीला मार्जारन्याय लावला: पिल्लू काहीच करत नाही, आई मानगूट धरून नेते. नेण्यापुरतं ते खरं आहे. गिळणं मात्र पिल्लाचं पिल्लानेच करायचं असतं, आणि तिथे आग्रहाची सगळी विद्या फुकट जाते. मी वाटी ठेवून गॅलरीच्या दाराआड जायला शिकले. माझ्यासारख्या वाढपिणीला हे वाफेहून, पिचकारीहून अवघड गेलं.

खाल्लं ते आधी माझं बोट चाटून, मग तुकड्याचा धागा ओढून. लगेच वाटीवर पंजा रोवून गुरगुरायला लागलं, मी जवळ नसतानाही. सासूबाई आतून बघत होत्या. म्हणाल्या, ‘पोटात पडलं नाही तोच भांडण! अगदी तुझ्या सासऱ्यांवर गेलंय.’