वगळता न येणारी ओळ

बायबल पाठ करणं हे प्रोटेस्टंटांचं काम, असं आमच्याकडच्या कॅथलिक घरांत सहज बोललं जातं. वेंगुर्ल्याचं सेंट लूक्स हॉस्पिटल चालवणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियनांसारख्या मिशनऱ्यांनी मराठी मुलुखात संडे स्कूलची शिस्त आणली. दर रविवारी एक वचन घोकून यायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणून दाखवायचं. आम्ही मात्र तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणारे. तिन्हीसांजेला शेजारी रामरक्षा सुरू झाली की आमच्या घरात आल्तारासमोर गुडघे टेकले जायचे. अर्धी प्रार्थना आजी म्हणायची, उरलेली अर्धी आम्ही. पावसात वीज जायची, पण त्यानं काही अडायचं नाही, कारण पुस्तक कोणाच्याच हातात नसायचं. शब्द चुकला तर मणी पुढे सरकत नसे. "परत म्हण," एवढंच आजी म्हणायची.

आता कळतं की तेही बायबलच होतं. 'नमो मरिये'चा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे. त्यात गब्रिएल दूताचं अभिवादन आहे आणि एलिझाबेथचे उद्गार आहेत. मठांमधले संन्यासी 150 स्तोत्रं गायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी त्या जागी 150 वेळा 'नमो मरिये' म्हटलं, आणि त्यातून जपमाळ आकाराला आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली तिला प्रकाशाची रहस्यं जोडली, तेव्हा हा आकडा 200 झाला. सही करतानाही अडखळणारी आमची आजी असं बायबल रोज तोंडानं म्हणत होती.

या किनारपट्टीला पाठांतर कुणी बाहेरून येऊन शिकवलं नाही. इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले, तेव्हा त्यांना पुराण ऐकत वाढलेली माणसं भेटली. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं. फादरांनी बायबलची कथा मराठी ओवीत बांधली आणि 1616 साली 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून झालं. त्यात जवळजवळ 11,000 ओव्या आहेत. 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही छापांची एकही प्रत आज सापडत नाही. 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्ढाना यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं. मधली अडीचशे वर्षं हा ग्रंथ जगला तो हातानं उतरवलेल्या वह्यांत आणि म्हणणाऱ्यांच्या गळ्यात. ओवीचं यमक पुढचा शब्द आपणहून हाती देतं. जात्यावर बसणाऱ्या बायकांना ते कुणी सांगायची गरज नव्हती.

गद्य पाठ करताना तो आधार नसतो. डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे मत्तयचे पाच ते सात हे तीन अध्याय, मी पाठ करायला घेतले तेव्हा हे चांगलंच जाणवलं. वचन लक्षात राहतं, पण दोन वचनांमधला सांधा निसटतो. म्हणून मी एका वचनाचे शेवटचे शब्द पुढच्याच्या पहिल्या शब्दांना जोडून मोठ्यानं म्हणतो. सकाळी पडलेल्या झावळ्या गोळा करताना हे बरं जमतं. आदल्या दिवशीचं म्हटल्याशिवाय नवं घ्यायचं नाही, हा नियम. मूळ हिब्रूतलं 119वं स्तोत्र रचणाऱ्यालाही ही अडचण माहीत असावी. त्यात 22 कडवी आहेत, वर्णमालेतल्या एकेका अक्षराचं एकेक, आणि प्रत्येक कडव्यातली आठही वचनं त्याच अक्षरानं सुरू होतात.

"ही पोपटपंची झाली," असं कोणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. मत्तयच्याच चौथ्या अध्यायात सैतान येशूची परीक्षा घेतो. येशू तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर देतो, आणि सैतानही त्याच्यासमोर 91व्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो. पाठांतरानं माणूस चांगला होतो असं बायबलच म्हणत नाही. मग त्याचा उपयोग काय? माझ्यापुरतं उत्तर असं, की वाचताना आपण निवड करतो आणि पाठ करताना ती मुभा जाते. आमच्या दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात, आणि नको तो प्रसंग दोन वाक्यांत आटोपता येतो. पाठ केलेल्या अध्यायात ही सोय नाही. नावडतं वचन गाळलं की पुढचा सांधाच जुळत नाही.

आमचा आणि शेजाऱ्याचा गडग्यावरून वाद आहे. पावसात ढासळलेला गडगा पुन्हा रचला गेला तो वीतभर आमच्या बाजूला सरकून, असं आमचं म्हणणं. त्याचं म्हणणं अर्थातच उलट. कोर्टाच्या तारखेला निघालो होतो, पिशवीत मोजणीचा नकाशा. सवयीनं ओठ पाचव्या अध्यायावर सुरू झाले आणि 25व्या वचनाशी आले. प्रतिवादीबरोबर वाटेत असतानाच त्याच्याशी समेट कर, असा त्याचा आशय. वेळेवर पोचवणारी एसटी एकच, त्यामुळे प्रतिवादी दोन सीट पुढे बसला होता. पुस्तक उघडं असतं तर मी पान उलटलं असतं. इथे उलटायला पान नव्हतं.

समेट झाला नाही. पुढची तारीख पडली. परतीच्या गाडीत मात्र मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. गडग्याचा विषय दोघांनीही काढला नाही. माडांवर पडलेल्या कोळ्याबद्दल बोललो आणि यंदा नारळ किती बारीक धरलेत त्याबद्दल. दावा अजून चालू आहे, बोलणंही चालू आहे.

मुलांच्या पाठांतर स्पर्धेसाठी वेचक वचनं काढून देतात, ते मला फारसं पटत नाही. गोड वचनं घरातल्या कॅलेंडरवरही भेटतात. मुलांना एखादा छोटासा का होईना, सलग अध्याय द्यावा आणि खडे वेचू नयेत. माझा सध्या सहावा चालू आहे. लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना त्यात खडे बोल आहेत, आणि त्यांच्यामागोमाग पोकळ बडबडीवरचं वचन येतं. घोकंपट्टी करणाऱ्याला तेही घोकावं लागतं.