मुड्यातला राता



मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात ममींचे प्रदर्शन भरले होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ते पाठवले होते. मी तेव्हा रोह्याला नोकरीत होतो, घर पेणच्या खारेपाटात. पुतण्याने हट्ट धरला म्हणून जानेवारीत एका रविवारी एस.टी.ने त्याला घेऊन गेलो. परतताना मात्र मीच गप्प होतो. का, ते सांगतो.

ममी म्हणजे टिकवून ठेवलेले प्रेत. तिथे नेस्पेरेन्नुब नावाच्या इजिप्तच्या पुजाऱ्याची सुमारे २८०० वर्षांपूर्वीची ममी होती. कापडाची एक पट्टीही न सोडता, यंत्राने तपासून आतला माणूस पडद्यावर दाखवत होते.

प्रेत टिकवत कसे, हे खारेपाटात वेगळे सांगायला नको. आपण मासळी खारवून वाळवतो, तेच तत्त्व. पोटातले अवयव काढून प्रेत नॅट्रॉन नावाच्या खारात सुमारे ४० दिवस ठेवत. पाणी गेले की कुजणे थांबते. मग राळ आणि कापडाच्या पट्ट्या. काळीज मात्र आतच ठेवत, कारण परलोकी ते सत्याच्या पिसाबरोबर तागडीत तोलले जाते, असे ते मानत.

आणि परलोकातही शेती सुटत नाही बरे! तिथली कामे करायला कबरीत बाहुल्या ठेवत. हातात कुदळ, पाठीवर बियाण्याची पिशवी. काही कबरींत वर्षाच्या ३६५ दिवसांचे ३६५ मजूर आणि त्यांच्यावर ३६ मुकादम! ओसिरिस हा त्यांचा मेलेल्यांचा देव. त्याच्या आकाराच्या लाकडी चौकटीत नाईलचा गाळ भरून सातू पेरत. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या कबरीतही अशी चौकट होती. मला आपला नवरात्रातला घट आठवला.

पुतण्याने विचारले, "काका, कबरीतलं धान्य आता पेरलं तर उगवेल?"

मी म्हणालो, "नाही रे. ममीचा गहू म्हणून एकोणिसाव्या शतकात लोकांनी पुष्कळ गहू विकला. पण कबरीतले खरे दाणे पेरून पाहिले, ते उगवले नाहीत. बी जिवंत असतं, त्याचंही आयुष्य संपतं."

बोललो आणि घरचा मुडा डोळ्यांपुढे आला.

बाबा २००९ साली गेले. त्यांनी बांधलेला रात्याच्या बियाण्याचा शेवटचा मुडा आईने माळ्यावर ठेवला होता. "त्यांचा हात लागलाय त्याला," म्हणून कोणाला सोडू देत नसे. गावोगाव उगवण तपासायला सांगणारा मी, घरात मात्र चार वर्षे तोंड उघडले नव्हते.

मे महिन्यात आईला विचारून मुडा सोडला. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. दहाव्या दिवशीही एक मोड नव्हता. आई बराच वेळ गोणपाटाकडे पाहत बसली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी पलीकडच्या आळीत पायलीभर दिला होता. त्यांच्याकडे विचार."

त्यांच्या खाजणात तो दरवर्षी पिकत होता. त्यांनी तो आनंदाने परत दिला. त्या पावसाळ्यात पहिली मूठ आईनेच फेकली. मुड्यातले जुने दाणे मात्र तिने कोंबड्यांना टाकू दिले नाहीत. ते डब्यात भरून ठेवले, आणि मीही काही बोललो नाही.

तुमच्या घरी वडिलांच्या हातचे वाण असेल, तर यंदाच १०० दाणे ओल्या गोणपाटात घालून पाहा. ८० उगवले तर उत्तम. कमी उगवले तर बी दाट पेरा, पण पेराच. आणि त्यातले पायलीभर शेजाऱ्याला द्यायला विसरू नका.