वगळलेली ओळ

माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर घेण्याचे काम आम्हा तिघांकडे आले. नाव व प्रवेशवर्ष मिळून आम्ही प्रायमरी की ठरविली. स्टोअर्ड प्रोसीजर चालविताच एसक्यूएल सर्व्हरने २६२७ क्रमांकाची त्रुटी दाखविली: डुप्लिकेट की. घाईने आम्ही प्रत्येक नावाची पहिलीच ओळ ठेवली. ऑर्डर बाय लिहिलेच नव्हते. त्यामुळे ‘पहिली’ कोणती, हे सर्व्हरच्या मर्जीवर राहिले. कधी ही ओळ गळे, कधी ती. जुने हजेरीपट उघडले तेव्हा उमगले, ती एकाच नावाची दोन मुले होती, वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेली! आम्हीच एकाला पुसत होतो. आता की जनरल रजिस्टरच्या क्रमांकाची, आणि क्रमही त्याचाच. दोघांचीही नावे यादीत आहेत. बंधुभगिनींनी आपापले नाव पाहून घ्यावे.