घरखूण

दिरांचा फोन आला तेव्हा मी लेकीच्या स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. "वहिनी, शहापुरातल्या घराला गिऱ्हाईक आलंय. भाव बरा देतोय. दिवाळीपर्यंत काय ते सांगा म्हणतोय." फोन ठेवून वळले तर पोह्यांचा लगदा झालेला.

हे जाऊन दीड वर्ष झालं. लेक इंग्लंडच्या दक्षिणेला, प्लिमथ गावात नोकरी करते. तिनं मला सहा महिन्यांसाठी म्हणून नेलं, पण तिच्या मनात 'कायमचं' आहे हे मला विमानात बसण्याआधीच कळलं होतं. "आई, एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करणार तू? इथंच राहा की." मी उत्तर द्यायची नाही. चौतीस वर्षं ज्या घराच्या फरश्या पुसल्या, ते सोडायचं म्हणजे काय ते तिला कसं सांगू? आणि नातीला सोडून परत जायचं म्हणजे काय, ते मला तरी कुठं कळत होतं?

त्या दिवशी क्षमावणी होती. दशलक्षण पर्व आदल्या दोन दिवसांत संपलेलं, बेळगावचे सगळे फोन सकाळीच उरकले. नात म्हणाली, "आज्जी, आज मोठी ओहोटी आहे, चल, तुला माझे लिंपेट दाखवते." भाद्रपदी पौर्णिमेच्या मागं-पुढं समुद्र खूप आत जातो, हे मला तिथंच कळलं. प्लिमथला अशा दिवशी भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो आणि ओहोटी येते भर दुपारी, नाहीतर मध्यरात्रीच्या सुमाराला.

वेंबरी नावाचा किनारा गावापासून जवळच आहे. गोव्यासारखी वाळू इथं थोडी, बाकी सगळे काळे खडक. समोर पाण्यात त्रिकोणी मियू स्टोन बेट. वारा असा गार की शालीवर स्वेटर आणि स्वेटरवर जावयाचा कोट. खडकांवर जिकडे तिकडे उलट्या ठेवलेल्या पणत्यांसारखे शिंपले चिकटलेले. तेच लिंपेट. मी एकीला हळूच बोट लावलं, तर ती खडकाशी आणखी गच्च झाली. लहानपणी पाठशाळेत पाठ केलं होतं: शंख, शिंपले, जळू, कृमी हे बेइंद्रिय जीव, स्पर्श आणि चव एवढंच त्यांना कळतं. मी मनातल्या मनात तिची क्षमा मागून घेतली. दिवसच तसा होता!

नातीनं एकीच्या पाठीवर नखरंगाचा लाल ठिपका दिला. मी ओरडणार होते, पण ती म्हणाली, "आज्जी, नुसत्या टोपीला लावलाय, तिला काही होत नाही. रात्री ही फिरायला जाते, आणि परत इथंच येते. बघायचंय?"

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? सूर्यास्ताआधी, सातच्या आत, माझं जेवण आटोपलं. रात्री दहाला आम्ही तिघी बॅटरी घेऊन खडकांवर. पाणी उतरलेलं, खडक ओले. नात म्हणाली, "बोलू नका, ऐका." कान दिला. बारीक खरखर येत होती, दूर कुणीतरी सुकं खोबरं किसतंय अशी. बॅटरी फिरवली तर लाल ठिपका दुपारच्या जागेपासून दोन वीत लांब, आणि हळूहळू पुढं सरकतोय. माझं जेवण सूर्यास्ताआधी, हिचं सूर्यास्तानंतर! जिथून ती उठली होती तिथं खडकावर एक लांबट गोल खळी होती, शिंपल्याच्या कडेशी बरोबर जुळणारी. या खळीला मी नाव ठेवलं घरखूण.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. लाल ठिपका घरखुणेत, काल होता तस्साच.

मी बी.ए. झालेली बाई, तेही इतिहास घेऊन. पण त्या आठवड्यात नातीची पुस्तकं आणि लायब्ररीतली आणखी चार वाचून काढली. खडकावर डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक बुळबुळीत थर असतो. त्यात सूक्ष्म शेवाळ असतं, मोठ्या समुद्रवनस्पतींची नुकती रुजलेली पोरं असतात. लिंपेट तोच थर खरवडून खाते. तिची जीभ म्हणजे किसणीच. लांब पट्टी, तिच्यावर दातांच्या ओळींमागून ओळी. पुढच्या ओळी खडकावर घासून झिजतात आणि मागून नव्या येत राहतात. या दातांत गोएथाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं. २०१५ साली पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ते ताणून पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यापेक्षाही बळकट निघाले. जाताना ती चिकट रेघ सोडत जाते, आणि त्याच रेघेची चव घेत परत येते असं मानतात. डोळे आहेत, पण उजेड-अंधार कळण्यापुरते. म्हणजे आमच्या पंडितजींची ती स्पर्श आणि चव घरी पोचायला पुरते म्हणायची.

आणि घरी येते ती कशाला? खायला नव्हे. खाणं बाहेरच असतं. ओहोटीत ऊन-वारा लागला की अंगातलं पाणी सुकू नये, म्हणून शिंपल्याची कड खडकाशी फटही न राहता बसावी लागते. ती तशी बसते फक्त आपल्या घरखुणेत. खडक मऊ असेल तर खडक झिजून तिच्या आकाराचा होतो. खडक कठीण असेल तर तिची कड वाढता वाढता खडकाच्या उंचवट्या-खळग्यांप्रमाणे होते. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसले. मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या संसारात कोण खडक होतं, कोण झिजलं, हे मी सांगायला नको. आमच्या घरात दोन्ही थोडं थोडं झालं. सासूबाई असेपर्यंत माझी कड झिजली. नंतरच्या वर्षांत घरच माझ्यासारखं होत गेलं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. १८ मार्च १९६७ ला टॉरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज याच भागात, कॉर्नवॉलच्या टोकापलीकडच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर आपटलं. एक लाखाहून जास्त टन कच्चं तेल त्यात होतं. किनारा स्वच्छ करायला लोकांनी हजारो टन डिटर्जंट ओतलं, आणि ते तेलापेक्षा विषारी निघालं. मैलोन्‌मैल लिंपेट मेल्या. मग काय व्हावं? काही महिन्यांत काळे खडक हिरवेगार झाले, आणि पुढं त्यावर तपकिरी समुद्रवनस्पतींचं रान माजलं. तो किनारा एरवी तसा दिसतो, कारण या रोज रात्री उठून तो खरवडतात! बायकांनी घरात केलेलं काम, न केल्यावरच दिसतं, त्यातलीच गत.

पुढं त्या रानाच्या ओलाव्यात लिंपेटची पिल्लं भरमसाट जगली. त्यांनी मोठं होऊन सगळं खाऊन फस्त केलं. खायला उरेना, तेव्हा त्यांनी घरखुणा सोडल्या आणि रांगा धरून अन्न शोधत खडकांवरून निघाल्या. पुष्कळशा मेल्या. किनाऱ्याची घडी पुन्हा बसायला दहा-पंधरा वर्षं गेली.

इथं मात्र मी अडले. तोवर मनात पक्कं केलं होतं, की लिंपेट घरी जाते, मीही जाणार. पण भुकेपुढं तीही घर सोडते. मग मला भूक कशाची आहे? शहापुरातल्या घरात सगळं आहे. देव्हारा आहे, बस्ती दोन गल्ल्या पलीकडं आहे. पण ह्यांच्या खुर्चीसमोर बसून मी एकटी जेवते, तेव्हा घास उतरत नाही. इथं नात बडबडत असते, तेव्हा भात कधी संपला कळत नाही. पण इथं माझी कड कशालाच जुळत नाही. लेकीच्या घरातला चहाचा डबासुद्धा मला विचारून घ्यावा लागतो. फट राहते, आणि त्या फटीतून रोज थोडं थोडं सुकायला होतं. लेकीला ते दिसत नाही, त्यात तिची चूक नाही.

रविवारी मी दिरांना फोन लावला. "भाऊजी, गिऱ्हाइकाला थांबा म्हणा. थांबला नाही तर जाऊ दे. दिवाळीला मी येतेय. आधी घर झाडून घेते, माळा बघते, मग बोलू."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता रागावणार. ती आली, माझ्या शेजारी कोथिंबीर निवडायला बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तिकीट काढते आई. परतीचंही काढू ना?"

मी विचारलं, "परतीचं म्हणजे कुठलं गं?"

दोघीही हसलो. मग तिचे डोळे भरून आले. मी तिला म्हटलं, "काढ." कोथिंबीर निवडून झाली, तोवर बाहेर उजेड कमी झाला होता. मी घाईनं पोळ्यांना लागले.