आधी वीज, मग यंत्र

काम चालू असताना संगणकाचा पडदा अचानक काळा होतो आणि यंत्र आपलं आपण पुन्हा सुरू होतं. तक्रार घेऊन आलेला माणूस बहुधा विचारतो, ‘व्हायरस असेल का हो? विंडोज नवीन टाकून द्याल का?’ हार्डवेअर दुरुस्तीत बरीच वर्षं काढल्यावर माझं ठाम मत आहे: आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा, मग विजेची वाट तपासा, आणि भाग बदलायचा विचार त्यानंतर करा. या क्रमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगली रॅम, चांगला मदरबोर्ड विनाकारण काढून टाकलेला मी पाहतो. पैसे बेताचे असलेल्या घरांतही हे घडतं, त्याचं वाईट वाटतं.

विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडला की ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. पुष्कळांना वाटतं, हाच बिघाड. पण ही नोंद यंत्र बंद पडताना झालेली नसते. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर विंडोजच्या लक्षात येतं की मागचं काम नीट मिटलं नव्हतं, आणि नोंद तेवढंच सांगते. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ पाहावा. तिथे शून्य असेल तर विंडोजला बहुधा काही लिहायला सवडच मिळाली नाही: वीज तुटली, रीसेट झालं किंवा यंत्र पुरतं गोठलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा आला होता, पण तो वाचण्याआधीच रीस्टार्ट झालं. अशा वेळी विंडोजच्या सेटिंगमधल्या ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून टाकावी, म्हणजे पडदा थांबतो आणि वाचता येतो.

शून्य दिसलं की मी विजेकडे वळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं. संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातला, म्हणजे एसएमपीएसमधला, मोठा कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीसारखा असतो, नळाचं पाणी गेलं तरी थोडा वेळ घर चालवणारा. एटीएक्स मानकानुसार हा वेळ सुमारे १६-१७ मिलीसेकंदांचा, पूर्ण एक आवर्तनही नाही! एसएमपीएस जुना झाला, उष्णतेनं कपॅसिटर आतून सुकला, की तोही घटतो. मग दिवा लुकलुकल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि संगणक मात्र रीस्टार्ट होतो. व्होल्टेज घसरताच एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला ‘पॉवर गुड’ संकेत काढून घेतो आणि मदरबोर्ड रीसेट होतो. यंत्र इथे स्वतःला सांभाळत असतं. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे ना, हेही पाहावं. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो.

डीटीपी करणारे एक गृहस्थ ऐन लग्नसराईत असेच हैराण होऊन आले होते. रॅम बदलून झाली होती, फॉरमॅट झालं होतं. मी विचारलं, ‘नेमकं काय करताना बंद पडतो?’ ते म्हणाले, ‘कधीही.’ दोन दिवस वेळा लिहून ठेवा म्हटलं, तर कळलं की थोड्या खंडानंतर पहिली प्रिंट दिली की हे घडतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवर संगणकाबरोबर लेझर प्रिंटरही होता. असा यूपीएस जेमतेम साडेतीनशे वॅट पेलतो, आणि प्रिंटरचा तापक एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो. व्होल्टेज दबायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा आणि जुनी बॅटरी क्षणात मान टाकायची. प्रिंटर भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला लावला आणि त्रास संपला.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. पेन ड्राइव्ह लावताना रीस्टार्ट होण्यामागेही हे असू शकतं.

वीज निर्दोष ठरली की मगच कॅबिनेट उघडावं. रीसेट बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून बघावी. अडकलेलं बटणही हाच खेळ करतं, आणि ही तपासणी फुकटात होते. उष्णतेचा संशय लोकांना फार असतो, पण फार तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो आणि शेवटी यंत्र बंद करतो; लगेच पुन्हा सुरू होणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही. रॅमच्या कडा खोडरबरानं पुसून एकेक पट्टी लावावी आणि मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवावी. एक चूक दिसली तरी ती पट्टी भरवशाची नाही. एसएमपीएसची १२ व्होल्टची रेघ ११.४ ते १२.६ च्या आत हवी, पण क्षणिक घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. म्हणून खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणं हीच खरी कसोटी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही.

प्रोसेसर स्वतः दोषी निघणं दुर्मिळ, पण अशक्य नाही. २०२४ मध्ये इंटेलनं आपल्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतला जादा व्होल्टेजचा दोष मान्य केला, सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यांतला प्रोसेसर असेल तर बायॉस ताबडतोब अद्ययावत करा. त्यानं पुढची झीज रोखता येते, झालेली भरून निघत नाही. तरीही यंत्र कोसळत असेल तर खरेदीचं बिल शोधा आणि वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा.